ब्रँडेड का असेंबल्ड? (चिरंजीवांचा गेमिंग पीसी)

मकरंद, फ्रिस्को (टेक्सास) – शनिवार, 27 डिसेंबर 2025

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या मेलिंग लिस्टवर हा विषय चालेल का ठाऊक नाही, पण आपल्यात निम्मे लोक आयटीतले, म्हणून विचारतो.

चिरंजीव सोळाचे झाले. वर्षभर शेजाऱ्यांची कुत्री फिरवून आणि लॉन कापून त्याने अकराशे डॉलर जमवलेत. ‘उरलेले आम्ही घालू’ असं मी जूनमध्ये बोलून बसलो. तेव्हा मला वाटलं होतं, उरलेले म्हणजे चारपाचशे. काल त्याने यादी दाखवली. बेरीज साडेचार हजार! एकटं ग्राफिक्स कार्डच (आरटीएक्स 5090) माझ्या पहिल्या गाडीपेक्षा महाग.

त्याला सगळे भाग आणून घरी जोडायचं आहे. बायकोचं म्हणणं, तयार घ्या, बिघडलं तर उचलून परत नेता येईल. दुकानात एक तयार मशीन पाहून ठेवलंय: रायझन 7 9800एक्स3डी प्रोसेसर, आरटीएक्स 5080 कार्ड, 32 जीबी रॅम, 2 टीबी एसएसडी (फाइली साठवायला). पंचवीसशेच्या थोडं वर, शिवाय सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स.

मी पंचवीस वर्षं डेटाबेसवाला. कॉम्प्युटरच्या पोटात कधी हात घातलेला नाही. काय करावं?

मकरंद

---

बापूकाका, रिचर्डसन – शनिवार, 27 डिसेंबर

मकरंद,

‘ब्रँडेड का असेंबल्ड’ हा प्रश्न तीस वर्षांनी पुन्हा ऐकला आणि बरं वाटलं. 1996 साली दादरहून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालायचो. एका दुकानातून पेंटियम 133, दुसऱ्यातून मदरबोर्ड, तिसऱ्या जिन्याखालच्या माणसाकडून रॅम. तो रॅम वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा! जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) चुकीचा बसला तर हार्ड डिस्क दिसायची नाही, रिबन केबल (चपटी वायर) उलटी लागली तर काहीच दिसायचं नाही. तेव्हा ब्रँडेड पीसी फक्त बँका घेत, कारण सही करणाऱ्याला उद्या कोणी विचारू नये.

आता जोडणं म्हणजे पोरखेळ आहे. जंपर गेले, रिबन गेल्या. प्रत्येक वायर तिच्याच खाचेत जाते. अपवाद एक: प्रोसेसर. पूर्वी पिना प्रोसेसरला असत, वाकल्या तर ब्लेडने सरळ करता येत. हल्ली एएमडीच्या एएम5 सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या जागी) त्या मदरबोर्डवर आहेत, 1,718, केसाएवढ्या. प्रोसेसर वरून निसटून पडला तर बोर्ड गेलाच समज. तेवढं एक मिनिट श्वास रोखून धरायचा, बाकी दुपारभरात होतं.

पोराला जोडू दे. माझं डायनिंग टेबल मोठं आहे, खाली गालिचा नाही. हिवाळ्यात डॅलसची हवा कोरडी, गालिच्यावरून चालत येऊन कुणी रॅमला हात लावू नये, अंगातल्या स्थिर विजेने ती जळू शकते.

बापू

---

सुनील, कॉपेल – रविवार, 28 डिसेंबर

बापूकाकांचं सगळं मान्य, पण तयारच्या बाजूने नाही, तयारच्या विरुद्धही नाही, असा माझा अनुभव सांगतो.

मी दोन वर्षांपूर्वी तयार मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही. खोका आला, चालू केला, पंख्याचा आवाज जात्यासारखा. बाजूची काच काढून पाहिलं तर आत प्रवासासाठी भरलेला फोम तसाच. माझी चूक. माहितीपत्रक वाचलं नव्हतं. फोम काढला, चालू झाला, महिनाभराने मधेच बंद पडायला लागला. फोनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी ‘रीस्टार्ट करून पाहिलंत का’. शेवटी खोक्यात भरून पाठवला. पाच आठवड्यांनी परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘रॅम पुन्हा बसवली’.

रॅम पुन्हा बसवली! ते मला तीस सेकंदांत जमलं असतं, माहीत असतं तर.

उलट बाजू: त्यानंतर आजतागायत तक्रार नाही.

सुनील

---

अनघा, अर्विंग – रविवार, 28 डिसेंबर

मकरंददादा,

दिवसभर मी चिपा तपासायचंच काम करते, तेव्हा रविवारीही तेच लिहिते आहे म्हणून घरचे हसतायत. जरा लांब होईल.

आधी सांग, मॉनिटर कोणता आहे? हे कोणीच विचारलं नाही. 5090 हे 4के, म्हणजे खूप बारीक चित्राच्या, मॉनिटरवर सगळं टोकाला लावून खेळणाऱ्याचं कार्ड. 32 जीबी मेमरी, 575 वॉट. जानेवारी 2025 मध्ये आलं तेव्हा एनव्हिडियाने किंमत 1,999 डॉलर सांगितली होती. त्या किमतीला ते दुकानात दिसलं तर फोटो काढून लिस्टवर टाक. शिवाय एनव्हिडिया त्याला हजार वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. खेळ ऐन रंगात असताना अख्खा पीसी आठशे वॉट खात असेल, तर ते बंद खोलीत अर्धा रूम हीटर लावल्यासारखं. फ्रिस्कोत, ऑगस्टमध्ये. एसीचं बिल तूच भरणार.

1440पी (4केहून कमी बारीक चित्राचा) मॉनिटर असेल तर 5070 टीआय पुरे. 16 जीबी, 300 वॉट, जाहीर किंमत 749. वाचलेल्या पैशांत चांगला मॉनिटर येतो, आणि डोळ्यांना दिसणार तो मॉनिटरच.

आता तयार की जोडलेला. तू पाहिलेल्या मशीनच्या पाटीवर चार गोष्टी ठळक आहेत: प्रोसेसर, कार्ड, किती जीबी, किती टीबी. पाटीवर जे नाही ते विचार. पॉवर सप्लाय कुणाचा, किती वॉटचा? मदरबोर्डचं मॉडेल काय? 32 जीबी म्हणजे 16 च्या दोन पट्ट्या की 32 ची एकच? एकच असेल तर मेमरीचा रस्ता निम्मा अरुंद होतो. दुकानदार खोटं बोललेला नसतो, 32 म्हणजे 32 च. पैसे वाचवायचे तर असल्या न दिसणाऱ्या जागीच वाचवतात. कार्डात वाचवलं तर पोरं लगेच ओळखतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आतले भाग बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहेत का? काही मोठ्या ब्रँडांच्या पेटीत मदरबोर्डचा आकार त्यांचा स्वतःचा, पॉवर सप्लायचं जोडकाम त्यांचं स्वतःचं. तीन वर्षांनी पॉवर सप्लाय गेला तर दुसरा बसतच नाही. मग पंचवीसशेच्या पेटीतलं कार्ड काढून घ्यायचं आणि पेटी टाकायची. साध्या एटीएक्स (बाजारात सर्रास चालणाऱ्या) मापाचे भाग वापरणारे बांधणारेही आहेत. त्यांचा पीसी आणि घरी जोडलेला पीसी यात फरक फक्त कुणाच्या हाताने स्क्रू पिळला एवढाच.

सेलमध्ये इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीचं वरच्या दर्जाचं मशीन दिसलं तर मोहात पडण्याआधी विचार. त्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब व्हायचे. इंटेलने ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण गोदामात पडून राहिलेल्या पेटीत जुनंच बायॉस (मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) असू शकतं, आणि झालेली इजा नव्या बायॉसने भरून येत नाही.

पैशाचं. एरवी मी म्हटलं असतं, जोडलेला दीडदोनशेनी स्वस्त पडतो, बास. पण यंदा रॅमने गणित उलटं केलंय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि उन्हाळ्यात शंभरच्या आसपास मिळणारा 32 जीबी डीडीआर5 रॅमचा जोड या महिन्यात तीनशेच्या वर गेलाय. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर याच महिन्यात जाहीर केलं की ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच बंद करणार. तयार मशीन जुन्या भावाच्या रॅमवर बांधलेलं असेल, तर आज ते जोडण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. तुझ्या दुकानातलं तसं असावं असा माझा संशय.

तरी मी जोड म्हणेन, आणि त्याचं कारण सुनीलच्या मेलमध्येच आहे. ज्याने स्वतः रॅम बसवली आहे तो पाच आठवडे वाट पाहत नाही. तुझ्या घरात पेटी उघडणारं कोणी असेल तर जोडा. नसेल, आणि चिरंजीव दोन वर्षांत कॉलेजला निघून जाणार असतील, तर तयार घ्या. मागे तुम्ही दोघंच राहणार त्या पेटीबरोबर.

अनघा

---

बापूकाका, रिचर्डसन – रविवार, 28 डिसेंबर

> आज ते जोडण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं

खरं आहे. 2020-21 मध्येही असंच झालं होतं. क्रिप्टोवाले आणि काळाबाजारवाले मिळून कार्डं गिळत होते. 699 डॉलरचं आरटीएक्स 3080 कार्ड दुप्पट भावाला. माझ्या भाच्याने कार्ड मिळेना म्हणून अख्खं तयार मशीन घेतलं, कार्ड काढलं, बाकीचं विकलं. खोबऱ्यासाठी झाड विकत घेतल्यासारखं!

पण मकरंद, आमच्या इथे मायक्रो सेंटर हे कॉम्प्युटरच्या भागांचं दुकान आहे. तिथे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्र बांधून देतात, सुटी रॅम घेण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. ऑनलाइन नाही मिळत, दुकानात जावं लागतं. जाताना फोन कर, मीही येतो. मला काही घ्यायचं नाही.

---

सेक्रेटरी, मंडळ – सोमवार, 29 डिसेंबर

मंडळी, चर्चा छान आहे, पण ‘रिप्लाय ऑल’ दाबताना जरा जपून. 17 जानेवारीच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला तिळगूळ किती लागेल हे विचारणाऱ्या माझ्या मेलला आतापर्यंत चार उत्तरं आलीत, आणि त्यातलं एक ‘850 वॉट पुरेल’ असं आहे.

---

मकरंद, फ्रिस्को – सोमवार, 29 डिसेंबर

सेक्रेटरींची माफी मागतो, ते मीच. आमच्याकडून दोन किलो धरा.

अनघा, मॉनिटर 1440पी निघाला. चिरंजीवांना तुझा मेल वाचून दाखवला. हीटरच्या मुद्द्यावर तो हसला, मॉनिटरच्या मुद्द्यावर गप्प झाला. 5090 गेलं, 5070 टीआय आलं. कॉलेजचं विचारलं तर म्हणाला, बरोबर नेणार. बायको म्हणाली, मग जोडू दे, पण बिघडला तर मला सांगायचं नाही.

एक प्रश्न: वॉरंटीचं काय? तयारला एकाच जागी जाता येतं.

---

अनघा, अर्विंग – सोमवार, 29 डिसेंबर

तयारला साधारण एक ते तीन वर्षं, सगळ्यावर मिळून. सुटे घेतले तर प्रत्येकाची वेगळी: खोक्यात मिळणाऱ्या प्रोसेसरला तीन वर्षं, चांगल्या पॉवर सप्लायला दहा, रॅमला बहुतेक जण लाइफटाइम देतात. मुदत जास्त, पण कोणता भाग गेला ते तूच शोधून त्याच्या त्याच्या दारात जायचं. पावत्यांचा फोटो एका फोल्डरमध्ये टाकून ठेव. खोकी वर्षभर टाकू नकोस, वहिनी कितीही म्हणाल्या तरी.

आणि जोडून झाल्यावर बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा. 6000 ची रॅम घेऊन लोक ती वर्षानुवर्षं 4800 वर चालवतात. कोणी सांगत नाही.

---

मकरंद, फ्रिस्को – रविवार, 4 जानेवारी 2026

मंडळी,

काल झालं. अहवाल देतो, नाहीतर बापूकाका आपली आवृत्ती देतील.

दहा वाजता काकांच्या टेबलावर बसलो. काकूंनी टेबलावरचं फळांचं भांडं उचललं आणि ‘जेवायला कुठे बसायचं’ एवढंच विचारलं. प्रोसेसर चिरंजीवांनी ठेवला. त्रिकोणाची खूण जुळवली, दोन्ही हातांनी अलगद सोडला, आणि मग सॉकेटची दांडी दाबायची वेळ आली. दांडी इतकी जड जाते हे कोणी लिहिलं नव्हतं! करकर आवाज झाला, पोराने हात मागे घेतला, माझ्या पोटात गोळा. काका म्हणाले, “दाब. तो आवाज होतोच.” दाबली.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा असतो हे काकूंना दिसलं. आम्हा तिघांना नाही.

अडीच वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. मदरबोर्डवर डीरॅम लिहिलेला पिवळा दिवा तसाच. मी बंद करायला हात पुढे केला तर चिरंजीवांनी मनगट धरलं. “बाबा, थांबा. डीडीआर5 पहिल्यांदा स्वतःला जुळवून घेते. वेळ लागतो.” दीड-दोन लाखांची वस्तू समोर काळी पडलेली असताना थांबणं कठीण असतं. (हो, मी अजून रुपयांत मोजतो.) चौथ्या मिनिटाला दिवा गेला. पडदा तरीही काळाच.

इथे बापूकाकांनी तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून रॅम काढून पुन्हा बसवली. पुन्हा चार मिनिटं. काळा.

मॉनिटरची वायर मी लावली होती. मदरबोर्डला. ग्राफिक्स कार्डाला लावायची असते म्हणे. पोराने काही न बोलता काढली, खाली लावली, आणि लागला.

एक्स्पो चालू केलं, अनघा. 6000.

फक्त एक स्क्रू उरलाय. काका म्हणतात, एक नेहमीच उरतो.

मकरंद

---

अनघा, अर्विंग – रविवार, 4 जानेवारी

अभिनंदन! स्क्रू कसा आहे? अगदी बारीक, चपट्या डोक्याचा? एसएसडी धरून ठेवणारा नाही ना?

---

मकरंद, फ्रिस्को – रविवार, 4 जानेवारी

बारीक. चपटा.

चिरंजीव पुन्हा काच उघडतायत. खेळ मधेच थांबवून.