मदत हवी आहे: वारकरी संप्रदायावरचं वाचताना काय लावू?

शाईचे_डाग: प्रबंधासाठी वाचतेय. अभंग लावले की मन शब्दांमागे जातं, एकच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचते. बंद केले की नुसत्या तळटीपा उरतात, सगळं कोरडं. विषयाला धरून, पण वाचनाच्या आड न येणारं काय लावू? जरा लवकर सांगा, प्रकरण द्यायचंय.

कोरा_कागद: कोणतं प्रकरण? मराठीत वाचताय का इंग्रजीत? अभंग कुणाचे लावता?

धैवत: तानपुरा. मी कितीतरी वर्षं त्यावरच वाचतो.

मृदंगी: तानपुऱ्यात वारकरी कुठे आला? फडावरचं, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत मंडळातलं भजन ऐका. 'जय जय राम कृष्ण हरी', मग विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, पुढे गौळण, शेवटी भैरवी. एकाने चरण म्हणायचा आणि टाळकऱ्यांनी तो उचलायचा. मैफलीतला अभंग कितीही गोड असला तरी तिथे गाणारा एक आणि बाकीचे ऐकणारे. हा फरक कानाला कळला पाहिजे.

धैवत: त्यांनी वाचतानाचं विचारलंय. टाळांच्या गजरात तळटीपा वाचता येत नाहीत.

उत्तररंग: नारदीय कीर्तन ऐका. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. फार रंगतं.

मृदंगी: अहो, ती परंपराच वेगळी. वारकरी कीर्तन एका अभंगावर उभं असतं, मागे टाळकरी. त्यांना भलतीकडे नेऊ नका.

शाईचे_डाग: इंग्रजीत. पालखी सोहळ्याचा इतिहास, १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सुरू केला तिथपासून ज्ञानेश्वरांच्या पालखीची घडी बसवणाऱ्या हैबतबाबांपर्यंत. अभंग भीमसेन जोशींचे.

कोरा_कागद: हे आधी सांगायला हवं होतं. डोळ्यांपुढे इंग्रजी आणि कानात मराठी, मन मराठीकडेच जाणार. वाचताना शब्द नकोच, नुसता पखवाज लावा. दिंडीतलं भजन वाचून झाल्यावर ऐका. हैबतबाबांनी सोहळ्याला लावलेली शिस्त नुकती वाचलेली असेल, तेव्हा टाळकऱ्यांची पावली, म्हणजे भजनाच्या तालावर टाकलेली पावलं, वेगळी ऐकू येईल.

चंद्रभागा: रिंगण कधीपासून सुरू झालं, त्याचा काही कागद आहे का हो? बरेच दिवस शोधतेय.

शाईचे_डाग: पखवाज लावला. बराच बरा पडतो, पण चौदा मात्रांचा धमार ताल वाजतोय, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) आली की नजर पानावरून उठते.

मृदंगी: तो एकल वादनाचा असणार. साथीचा भजनी ठेका शोधा, आठ मात्रांचा, तिहाया न घेता नुसता धरून ठेवलेला. आवाज अगदी बारीक ठेवा.