इंग्लिश खाडीवरची हॉवरक्राफ्ट बंद पडली, राइडची अजून चालते. असं का?

खाडीपार
एसआर-एन4 जातीची मोठी हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या उशीवर तरंगत जाणारी वाहनं, 1968 पासून माणसं आणि मोटारी घेऊन इंग्लंड-फ्रान्स ये-जा करत होती. 1 ऑक्टोबर 2000 ला शेवटची फेरी झाली. पण तिकडेच साउथसी ते वाइट बेटावरचं राइड ही सेवा 1965 पासून चालू आहे. 'खाडीखालच्या रेल्वे बोगद्याने मारली' हे उत्तर सगळे देतात, पण मग राइडची का तगली? आणि स्कर्टचा, म्हणजे तळाभोवती हवा अडवणाऱ्या झालरीचा, खर्च परवडत नाही म्हणतात, तो नेमका कशाचा असतो?

ओहोटीभरती
बोगदा 1994 चा, त्यानंतरही ती सहा वर्षं चाललीच की. दुसरा घाव जुलै 1999 चा. युरोपीय संघातल्या देशांमध्ये प्रवास करताना मिळणारा करमुक्त माल बंद झाला, आणि तिकिटाबाहेरची मोठी कमाई गेली. मुळात यंत्रं साठच्या दशकातली. चार ब्रिस्टल प्रोटियस गॅस टर्बाइन, प्रत्येकी सुमारे 3400 अश्वशक्तीची, विमानासाठी घडवलेली. एकेक टर्बाइन हवा खाली ढकलणारा एक पंखा आणि वरचा एक प्रोपेलर, दोन्ही फिरवायचं. एकूण सहाच एसआर-एन4 बांधल्या गेल्या, त्यामुळे शेवटी निवृत्त क्राफ्टचे भाग काढून चालू असलेल्यांना लावणं हाच मार्ग उरला.

वेगाला मात्र तोड नव्हती. लांबी वाढवून 56 मीटर केलेल्या दोघींत 418 प्रवासी आणि साठेक मोटारी मावायच्या. डोव्हर-कॅले साधारण 35 मिनिटं, 1995 मध्ये एकदा 22 मिनिटांत. पण दोन्ही टोकांना खोल पाण्याची बंदरं होती. म्हणजे हॉवरक्राफ्टची खासियत, किनाऱ्यावर चढून येणं, तिथे कुणाला लागतच नव्हती. डिझेलवरची वेगवान कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) आली आणि हिशेब संपला.

राइडला उलट आहे. ओहोटीला वाळू जवळपास अर्धा मैल उघडी पडते. म्हणून तर 1814 मध्ये तिथे धक्का बांधला, आज तो 680 मीटरच्या आसपास लांब आहे. कॅटमरान त्याच्या टोकाला लागते. हॉवरक्राफ्ट वाळूवरून सरळ वर येऊन काँक्रीटवर बसते, दहा मिनिटांत. शिवाय 1983 मध्ये टर्बाइन सोडून हवेने थंड होणारी डॉइट्झ डिझेल इंजिनं आणि वेल्डिंगचं ॲल्युमिनियम आलं, म्हणजे विमानाचा मेकॅनिक लागेना. 2016 पासून ग्रिफॉन कंपनीच्या दोन 12000टीडी हॉवरक्राफ्ट आहेत, सुमारे 80 आसनांच्या.

रबरी झालर
स्कर्टचं मी सांगतो. ती सलग झालर नसते. वर फुगलेली पिशवी, खाली ओळीने सुटी 'बोटं'. कापड नायलॉनचं, त्यावर रबराचा थर. बोटाचं टोक पाण्यावर सतत फडफडतं, तिथे रबर कापडापासून सुटतं आणि धागे मोकळे होतात. काँक्रीटवर घासून झिजतं ते वेगळंच. एखादं बोट फाटलं तर शेजारची फुगून फट बुजवतात, फेरी रद्द करावी लागत नाही. शेजारशेजारची तीन-चार गेली की हवा तिथून पळते, क्राफ्ट त्या बाजूला कलते आणि पाण्याची ओढ वाढते. म्हणून पाहणी रोजची, आणि बोटं झिजण्याआधी पाळीपाळीने बदलायची.

मागच्या बाजूला उघडी बोटं लावली तर ती फावड्यासारखी पाणी उपसतात. तिथे बंद शंकू लावतात, तळाला निचऱ्याची भोकं ठेवून. ही भोकं वाळूने बुजली की शंकू पाण्याने भरतात, वजन वाढतं आणि शिवण उसवते. बिघाड दिसतो स्कर्टचा, कारण असतं चिमूटभर वाळू.

दुसरा शत्रू खारा तुषार. तो प्रोपेलरच्या पात्याची पुढची कड खातो (म्हणून तिथे पट्टी बसवतात) आणि टर्बाइनच्या कंप्रेसरवर मिठाचा थर चढवतो. गोड्या पाण्याने धुण्यात टाळाटाळ केली की ताकद उतरते.

खाडीपार
दोघांचेही आभार. मग ठाण्याच्या खाडीच्या चिखलात ती शोभेल असं वाटतं. मांडव्याला?

ओहोटीभरती
चिखलात नक्कीच. आपलं तटरक्षक दल ग्रिफॉनची 8000टीडी वापरतं ते उथळ पाण्यासाठीच. मांडव्याला मात्र धक्का आहे, भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून मोटारी नेणारं जहाजही आहे. तिथे हॉवरक्राफ्टला फक्त वेग विकावा लागेल, म्हणजे डोव्हरचीच गोष्ट. आणि पावसाळा. लाट स्कर्टच्या उंचीच्या वर गेली की उशीतली हवा निसटते आणि तळ आपटतो. वेगात पुढचा स्कर्ट आत दुमडला तर नाक बुडून क्राफ्ट आडवी फिरते, आणि आडवी सरकताना उलटण्याचा धोका खरा. 4 मार्च 1972 ला साउथसीजवळ एसआर-एन6 जातीची लहान हॉवरक्राफ्ट खवळलेल्या समुद्रात उलटली, पाच जण गेले.

जमतं कुठे, तर जपानात ओइताला. विमानतळ आखाताच्या पलीकडे, रस्ता वळसा घालून जातो. तिथली सेवा 1971 ते 2009 चालली, 2025 मध्ये त्याच जातीच्या 12000टीडी आणून पुन्हा सुरू केली.

रबरी झालर
भर घालतो: मार्ग आखताना 'हंप' विसरू नका. क्राफ्ट स्वतःच पाण्यात खळगा करते आणि ठरावीक वेगाला त्याच्या चढावर अडकते. उशीची लांबी मीटरमध्ये घ्या, 9.81 ने गुणा, वर्गमूळ काढा, त्याला 0.56 ने गुणा. 20 मीटरला सेकंदाला 8 मीटर, म्हणजे साधारण 15 नॉट. उथळ पाण्यात हा चढ आणखी उभा होतो. जास्त वजन आणि समोरचा वारा असेल तर इंजिन पूर्ण ताकदीवर असूनही ती पुढे सरत नाही. उपाय: किनाऱ्यावरच्या उतारावरूनच वेग घेऊन पाण्यात शिरायचं, नाहीतर आधी खोल पाण्याकडे वळायचं. त्यासाठी उताराचं तोंड मोकळं हवं, आणि आपल्याकडे नेमक्या तिथेच मचवे नांगरलेले असतात.