बायबलमधले लोक खरंच स्वतःची लेकरं जाळायचे का?

विदर्भ_वाचक
मंडळी, मी ख्रिश्चन नाही पण नागपुरातल्या सदरच्या एका दोस्ताकडून बायबल आणून जुना करार, म्हणजे त्याचा पहिला भाग, वाचून राहिलो. २ राजे या पुस्तकात यहूदाचा आहाज राजा आपल्या पोराला अग्नीतून चालवतो, पुढं मनश्शे पण तेच करतो, आणि यरुशलेमला लागूनच हिन्नोमच्या खोऱ्यात तोफेत नावाची जागाच होती याच्यासाठी. मूर्ती करू नका असं दहा आज्ञांत बजावलेले हेच लोक ना? दोस्त म्हणते ते सगळं मोलख नावाच्या परक्या दैवतासाठी होतं, यहोवाचा, म्हणजे त्यांच्या देवाचा, काही संबंध नाही. मला पटून नाही राहिलं, कोणी नीट सांगा ना.

बर्डीवाला
दोस्त सांगते ते लेवीय पुस्तकाच्या २०व्या अध्यायात आहेच, मोलखला लेकरू देईल त्याला दगडांनी मारा म्हणून. पण यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ७वा अध्याय वाच. देव म्हणतो पोरं जाळा असं मी सांगितलंच नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. हेच यिर्मया १९ आणि ३२ मध्ये पुन्हा सांगते. आता लोकं देवाच्या नावानंच हे करत नसते तर इतक्यांदा नाही म्हणायची गरज काहून पडली? यहेज्केल संदेष्ट्याचा २०वा अध्याय तर अजून अवघड आहे बावा, तिथं देव स्वतःच म्हणतो की मी त्यांना चांगले नसलेले नियम दिले, आणि लगेच पहिल्या लेकरांना अग्नीतून नेण्याची गोष्ट येते. निर्गम २२ मध्ये पहिला मुलगा मला दे एवढंच आहे, त्याला सोडवून घ्या हे ३४ मध्ये येते. माझं मत स्पष्ट आहे, हे घरचंच होतं, नंतर शेजाऱ्यांच्या नावावर टाकलं.

वाचनवेडी
आपल्याकडे श्रावणात चिलया बाळाची कहाणी सांगतात ना, चांगुणा पोटच्या पोराचं मस्तक उखळात कांडते आणि शेवटी तो जिवंत परत येतो. अब्राहामाचा इसहाक पण वाचतो, सुरी उगारलेली असताना देवदूत थांबवतो. पण शास्ते ११ मधली इफ्ताह या सेनानायकाची मुलगी नाही वाचत. बापाने नवस केला, तोही यहोवालाच, की जिंकून आलो तर घरातून जे पहिलं समोर येईल त्याचा होम करीन, आणि ही एकुलती एक पोर डफ वाजवत नाचत बाहेर आली. मैत्रिणींसोबत डोंगरावर रडायला दोन महिने मागून घेतले तिने, मग परत आली. कोणी देवदूत नाही आला, तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. मला याचा फार राग येतो.

जुनी_विटा
मूर्तींचं पण तेच. मोशेने केलेल्या पितळी सापाला लोक धूप जाळत होते, हिज्कीया राजाने तो फोडला. सिनाईत कुंतिलेत अजरूदला १९७५-७६ च्या खोदकामात इ.स.पू. ८०० च्या आसपासचे रांजण सापडले, त्यावर शोमरोनचा (इस्राएलची राजधानी) याहवे, म्हणजे यहोवाच, आणि त्याची अशेरा असं लिहिलंय. अशेरा देवी की तिचा लाकडी खांब यावर वाद आहे, पण हे बाहेरून आलेलं खूळ नव्हतं. मात्र लेकरांच्या बाबतीत एक सांगतो, हिन्नोममध्ये जळलेल्या हाडांची अशी जागा अजून सापडलेली नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला तशी जागा १९२१ मध्ये सापडली, हजारो मडक्यांत तान्ह्या बाळांची हाडं, काहींत कोकरांची. तिथं पण बळी की आधीच मेलेली बाळं, तज्ज्ञ भांडूनच राहिलेत.

विदर्भ_वाचक
धन्यवाद सगळ्यांना. मग हे बंद केव्हा झालं?

बर्डीवाला
योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास तोफेत भ्रष्ट करून टाकलं, कोणी लेकरू आणू नये म्हणून. यिर्मयाचं देवळाच्या दारातलं ते ७व्या अध्यायातलं भाषण त्याच्या बारा-तेरा वर्षांनंतरचं आहे, म्हणजे तेव्हाही ते पुरतं थांबलं नसावं.