मोठ्या बजेटचे चित्रपट नफा नेमका कुठून कमावतात?

धागाकर्ता:
गल्ला निर्मितीखर्चाच्या वर गेला की चित्रपट नफ्यात आला, असे सर्रास लिहिले जाते. ते चुकीचे आहे. २०१२ सालच्या 'जॉन कार्टर'वर सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले, जगभरचा गल्ला अखेर २८ कोटींच्या पुढे गेला, तरीही प्रदर्शनानंतर दोन आठवड्यांच्या आत डिस्नेने सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा अपेक्षित असल्याचे जाहीर केले होते. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांकडेच राहतो, चीनमध्ये तर परदेशी निर्मात्याच्या हाती जेमतेम पाव हिस्सा पडतो, आणि प्रसिद्धीचा अवाढव्य खर्च बजेटच्या आकड्यात धरलेलाच नसतो. त्यामुळे माझे ठाम मत आहे की चित्रपटगृहात फार तर मुद्दल सुटते. खरी कमाई दूरचित्रवाणी आणि ओटीटीचे हक्क, खेळणी आणि पुढचे भाग यांतून होते.

प्रतिसाद १:
अजिबात सहमत नाही. त्या हक्कांची किंमत कशावर ठरते, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. दूरचित्रवाणीच्या अनेक करारांत हक्कांची रक्कम थेट तिकीटखिडकीवरच्या कमाईशी बांधलेली असते, म्हणजे चित्रपटगृहात आपटलेला चित्रपट पुढेही स्वस्तातच विकला जातो. आपल्याच उदाहरणाचा पुढचा भाग कधी निघाला नाही. उलट 'टायटॅनिक'वर सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले आणि पहिल्याच प्रदर्शनात १८० कोटींहून अधिक गल्ला जमला. त्यातला निम्मा सोडून दिला तरी नफा तिथेच झालेला आहे.

प्रतिसाद २:
नफा कुठे होतो यावर आपण दोघे वाद घालत आहात, पण तो कोणाच्या वहीत दिसतो हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९८८ च्या 'कमिंग टू अमेरिका'ने जगभरात २८ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, तरी मूळ कल्पना मांडणारे आर्ट बुकवाल्ड यांना पॅरामाउंट या स्टुडिओने निव्वळ नफा झालाच नाही असे सांगितले. हिशेब असा मांडला जातो: स्टुडिओ आधी स्वतःचे वितरणशुल्क कापून घेतो, मग प्रसिद्धीखर्च, मग कार्यालयीन खर्चापोटी ठरावीक टक्के, आणि वसूल न झालेल्या रकमेवर व्याज. यातले वितरणशुल्क तर स्टुडिओचेच उत्पन्न, पण चित्रपटाच्या खात्यावर तो खर्च म्हणून चढतो. बुकवाल्ड न्यायालयात गेले, आणि १९९० मध्ये न्यायालयाने पॅरामाउंटबरोबरच्या त्यांच्या करारातल्या अनेक अटी अन्यायकारक ठरवल्या. ज्यांची पत मोठी असते ते कलाकार म्हणूनच निव्वळ नफ्यात नव्हे, तर एकूण कमाईत वाटा मागतात. लेखकाला मात्र ती ताकद क्वचितच मिळते, आणि हे मला अत्यंत गैर वाटते.

धागाकर्ता:
हिशेबाचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी 'स्टार वॉर्स'च्या वेळी जास्त मानधनाचा आग्रह धरण्याऐवजी पुढचे भाग आणि व्यापारी वस्तूंचे हक्क स्वतःकडे ठेवले, आणि त्यांची संपत्ती प्रामुख्याने त्यातूनच उभी राहिली.

प्रतिसाद १:
ती खेळणी खपली कारण १९७७ मध्ये लोकांनी चित्रपटगृहांबाहेर रांगा लावल्या. थेट ओटीटीवर आलेल्या किती चित्रपटांच्या खेळण्यांना तशी मागणी आली, ते आपण सांगावे.