मदत हवी आहे : विमा काढताना माझी चूक झाली, मित्राच्या उपचाराचा खर्च कोणी सोसावा?

नमस्कार. आम्ही ठाण्यातले चार शाळासोबती एप्रिलमध्ये जपानला जाऊन आलो. तिकिटे, हॉटेले आणि प्रवास विमा ही सारी कामे माझ्याकडे होती, कारण मला ती आवडतात आणि बाकीच्यांना त्यांचा कंटाळा आहे. विमा काढताना प्रदेश निवडायचा होता. ‘आशिया’ हा शब्द दिसला, प्रीमियमही कमी होता, म्हणून मी चौघांचे पैसे भरून मोकळा झालो. त्या पर्यायाचे पूर्ण नाव ‘जपान वगळून आशिया’ असे होते.

युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण असलेला विमा दाखवावा लागतो. जपानच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नसल्यामुळे ही चूक तिथेही कोणाच्या नजरेस आली नाही.

क्योतोमध्ये पावसात स्टेशनच्या जिन्यावरून एक मित्र घसरला आणि त्याचे मनगट मोडले. सीटी स्कॅन, प्लास्टर आणि रुग्णालयाच्या दोन फेऱ्या मिळून १,६०,००० येन, म्हणजे सुमारे नव्वद हजार रुपये, त्याने स्वतःच्या कार्डावरून भरले. परतल्यावर विमा कंपनीने क्लेम नाकारला, आणि पॉलिसीतली ती ओळ वाचल्यावर कंपनीला दोष देण्यास मला तोंड उरले नाही.

मित्र स्वतः ‘राहू दे रे’ म्हणतो. वहिनींचे म्हणणे मात्र असे की पूर्ण रक्कम मी द्यावी, आणि मला ते चुकीचे वाटत नाही. दुसरा मित्र म्हणतो की पॉलिसीची पीडीएफ निघण्याच्या दहा दिवस आधी ग्रुपवर आली होती, चौघांनीही ती न उघडताच अंगठा दाखवला, तेव्हा खर्चाचे चार वाटे करावेत. हे ऐकायला बरे वाटते, पण ज्याने काम अंगावर घेतले त्याची जबाबदारी अंगठा दाखवणाऱ्याइतकीच कशी? १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम २१२ नुसार, प्रतिनिधीच्या हयगयीमुळे थेट झालेले नुकसान त्याने भरून द्यावे लागते. अर्थात मित्राशी कायद्याने वागायची वेळ येऊ नये.

माझा हिशेब असा आहे : योग्य पॉलिसी असती तरी क्लेममधले पहिले शंभर डॉलर पॉलिसीच्या अटीनुसार त्यालाच सोसावे लागले असते, शिवाय जपानसाठीचा वाढीव प्रीमियमही त्याने दिला असता. या दोन रकमा वजा करून उरेल ते मी द्यावे, असे माझे मत होत चालले आहे.

कोणाला असा अनुभव आला असल्यास कृपया सांगावे, की हा हिशेब रास्त आहे का, आणि ‘राहू दे’ म्हणणाऱ्या मित्राला पैसे कसे द्यावेत, म्हणजे त्याला अवघडल्यासारखे होणार नाही. शिवाय, जपानला गेलेल्या चौघांनाही निरुपयोगी ठरलेल्या या पॉलिसीचा प्रीमियम कंपनीकडून कोणाला परत मिळाला आहे का? येत्या रविवारी आम्ही उपवन तलावावर भेटणार आहोत, त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.