जळगावात आर्ट वॉक काढायचा म्हणजे नेमकं बघायचं काय?

तापीकाठ
पुण्यामुंबईत रविवारी सकाळी लोक घोळक्याने चालत निघतात, पुतळे, रंगवलेल्या भिंती बघतात, एखाद्या गॅलरीत डोकावतात आणि मग इडली हाणून घरी. आपल्याकडे का नाही? जळगावात सुरुवात काव्यरत्नावली चौकातून करायची, लगेच भाऊंचं उद्यान, तिथलं कलादालन, मग रिक्षा पकडून जुन्या जळगावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा. ज्या मासिकावरून त्या चौकाला नाव मिळालं ते 1887 ला याच गावात सुरू झालं, नुसत्या कवितांचं मासिक, आणि आपण त्या चौकात फक्त सिग्नल सुटायची वाट बघतो. मतं द्या. फक्त "आपल्याकडे काय आहे" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

भरीतप्रेमी
राहू देत नाही, तेच लिहितो 😀 आठे काय शे देखाले भो? मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीतून निघालात की रस्ता ओलांडून दुसरी गॅलरी, तिथे चालण्याला अर्थ आहे. इथे दोन ठिकाणांच्या मधे काय, तर वाढदिवसाचे फ्लेक्स, उकरून ठेवलेला रस्ता आणि मे महिन्यात 45 डिग्री. राहिल्या त्या स्वच्छ सर्वेक्षणच्या भिंती. प्रत्येक गावात तीच चिमणी, तेच दोन हात आणि हातात तीच पृथ्वी. याला कला म्हणायचं असेल तर माझ्या किराणावाल्याचं कॅलेंडर पण कलाच.

तापीकाठ
काळा घोड्याचं सांगताय म्हणून, 1965 ला तिथला पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला आणि नवा घोडा बसला थेट 2017 ला. मधली सगळी वर्षं घोडा नसलेल्या काळ्या घोड्याला लोक जातच होते की. आधी लोक जायला लागतात, मग जागा घडते.

भरीतप्रेमी
लोक जहांगीरला जात होते भाऊ, ती 1952 पासून तिथे उभी आहे. नसलेल्या घोड्याला बघायला कोणी गेलं नाही.

ब्रश_आणि_डबा
त्या चिमण्यांमधल्या काही मी काढल्यात म्हणून बोलतो. आधी दुकानांचे बोर्ड रंगवायचो, फ्लेक्स आला तसा तो धंदा बसला, मग या भिंतींचं काम मिळालं. डिझाईन आम्ही ठरवत नाही, मोबाईलवर फोटो येतो, "हे असंच पाहिजे", आणि पैसे स्क्वेअर फुटावर. मी एकदा विचारलं की पृथ्वीऐवजी केळीचा घड काढू का, आपला जिल्हा केळीचा, तर साहेब म्हणे थीममध्ये बसत नाही. काम झाल्यावर कोपऱ्यात बारीक सही केली होती, तीसुद्धा पुसायला लावली, तिथे प्रायोजकाचा लोगो यायचा होता. तेव्हा भरीतप्रेमी भाऊ, चित्राला नावं ठेवा, पण चिमणी कोणी मागितली तेही विचारा. आणि वॉक काढाल तर भिंत जरा जवळून बघा. नुसत्या चुन्यावर प्रायमर न मारता रंग चढवला की एका पावसात पोपडे निघतात, आणि प्रायमरचे पैसे कोणी देत नाही.

धुळ्याची_पोर
दादांचं बरोबर आहे. आमच्याकडे कुठल्याही पुतळ्याचा चौथरा बघा, उद्घाटन कोणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, सगळं संगमरवरात. शिल्पकार कोण ते शोधायला मागे जावं लागतं आणि मागे वडापावची गाडी. पण मला वॉक पाहिजे तो वेगळ्याच कारणासाठी. एकटी मुलगी रस्त्यात चित्र बघत पाच मिनिटं उभी राहिली ना, की सहावा माणूस विचारतो "कोणाची वाट बघतेय का". दहा जण असले की कोणी विचारत नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, 1927 पासूनचं, तिथे जुन्या मूर्ती बघायला मी जाते, कारण आत निवांत उभं राहता येतं.

मूळ_चाळीसगावचा
जळगाव जळगाव काय लावलंय. चाळीसगावला स्टेशनाजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, तेच आता कलादालन. 1912 चा जन्म, 1989 ला गेले, शिक्षण विलायतेत आणि आयुष्य चाळीसगावात. टेबलावर चिल्लर वस्तू मांडून असा फोटो काढायचे की बघणाऱ्याला खरा डोंगर, खरी झाडं वाटावीत. जवळ जाऊन बघा, मग पटतं की हे सगळं टेबलाएवढ्या जागेत आहे. चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या घालून केलेल्या वस्तू, सगळं एका घरात. वर्षानुवर्षं माणूस घराबाहेर पडला नाही, आणि पंजाब मेलने कोणीतरी येणार म्हणून रोज रात्री गाडीच्या वेळेला दिवे लावून बसायचे असं गावात सांगतात. स्टेशनवर उतरा आणि चालत जा, झाला तुमचा वॉक.

भरीतप्रेमी
म्हणजे जो माणूस घराबाहेरच पडला नाही त्याच्यासाठी आपण वॉक काढायचा 😂 तुम्हीच माझी केस लढताय राव. आपल्याकडे चांगलं जे आहे ते आत आहे, मूस घरात, राजवाडे मंडळ इमारतीत, गांधी तीर्थ, ते गांधीजींवरचं संग्रहालय, गावाबाहेर टेकडीवर. रस्त्यावर काही नाही.

तापीकाठ
मग रस्त्यावर यायला पाहिजे ना! अजिंठ्याला जाणारे कुठकुठले लोक जळगाव स्टेशनला उतरतात, बाहेर येतात, गाडी ठरवतात आणि साठेक किलोमीटर निघून जातात. त्यांना अर्धा दिवस थांबवेल असं आपण गावात काय ठेवलंय? दादा, स्टेशनाबाहेरची एखादी भिंत तुम्हाला दिली तर काय काढाल?

ब्रश_आणि_डबा
अजिंठा तर नाहीच. तो प्रत्येक हॉटेलात आहे, पद्मपाणी काउंटरच्या मागे आणि वर एसी. मी भरताची वांगी भाजणारी बाई काढेन, काट्यांचा जाळ, धूर, आणि धुरात तिचे बारीक केलेले डोळे. धूर काढणं अवघड असतं, सफेदी जास्त झाली की ढग वाटतो.

भरीतप्रेमी
हे काढा. हे बघायला मी येतो, मे महिन्यात दुपारी बारा वाजता पण. वॉकला मात्र अजूनही नाही.

धुळ्याची_पोर
आणि सही मोठी करा दादा, लोगोच्या वर.

ब्रश_आणि_डबा
आधी प्रायमरचं बघा ताई.