इंटरनेट नसलेल्या नेटवर्कवर सगळ्या मशीन्सची वेळ जुळवून कशी ठेवायची?

प्रश्न:
आमचं नेटवर्क पूर्ण बंद आहे, इंटरनेट नाही आणि सिक्युरिटीवाले देणारही नाहीत. लिनक्स मशीन्स आहेत, थोडी विंडोज, प्रत्येकाचं घड्याळ वेगळंच पळतंय, दोन सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवले तर आधी काय घडलं आणि नंतर काय तेच कळत नाही, वर आता डोमेन लॉगिनही अडायला लागलंय. एका सर्व्हरवर क्रोनी (वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर) टाकून बाकीच्यांना त्याच्याकडे वळवलं तर ते वेळ घेतच नाहीयेत. का?

उत्तर १:
तुमच्या सर्व्हरला वर वेळ देणारं कोणीच नाही म्हणून तो क्लायंटला ‘मी स्वतःच सिंक नाहीये’ असं सांगतो, मग ते त्याचं ऐकणार कसे. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ (वर कोणी नसलं तरी स्वतःचीच वेळ द्यायची) टाका, ‘अलाऊ’ला तुमचा सबनेट (तुमच्या मशीन्सच्या आयपी पत्त्यांचा पट्टा) द्या आणि फायरवॉलला यूडीपी १२३ हा वेळेचा पोर्ट उघडा. लॉगिन अडतंय ते कर्बरॉसमुळे (डोमेन लॉगिन तपासणारी पद्धत) असणार, त्याला डिफॉल्टला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

उत्तर २:
वरचं बरोबर आहे पण त्याने सगळी फक्त एकमेकांशी जुळतील, खऱ्या वेळेशी नाही. मास्टरच्या (वेळ देणाऱ्या सर्व्हरच्या) घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमचा (दहा लाखांत २० भागांचा) फरक असला तरी दिवसाला १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला जवळपास ५० सेकंद, आणि सगळं नेटवर्क त्याच्यामागे निमूट चुकत जातं. क्रोनीत ‘मॅन्युअल’ चालू करून अधूनमधून ‘सेटटाइम’ने हाताने वेळ देत राहा, दोन-चारदा दिली की घड्याळ किती पळतं याचा अंदाज घेऊन क्रोनी स्वतःच भरपाई करतो. आणि मास्टर कृपया व्हर्च्युअल मशीनवर ठेवू नका, खरं हार्डवेअर वापरा.

प्रश्नकर्ता:
लोकल स्ट्रॅटम टाकल्यावर लगेच जुळली, धन्यवाद! पण ऑडिटला खरी वेळ लागते. यूएसबी जीपीएस चालेल का?

उत्तर ३:
लॉगपुरतं चालेल. नुसत्या यूएसबीवर वेळ काही मिलिसेकंदांनी, कधी त्याहूनही जास्त इकडेतिकडे होते, मायक्रोसेकंद हवे असतील तर पीपीएस सिग्नल (दर सेकंदाला एक अचूक ठोका) देणारा रिसीव्हर सिरियल पोर्टला लावा. सिक्युरिटीवाल्यांना हे नक्की सांगा की जीपीएस फक्त ऐकतो, बाहेर काहीच पाठवत नाही. अँटेनाला मोकळं आकाश लागतं. जुना रिसीव्हर मात्र घेऊ नका, जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की शून्यावर येतो, एप्रिल २०१९ मध्ये तसं झालं तेव्हा काही जुने रिसीव्हर जवळजवळ २० वर्षं मागची तारीख दाखवायला लागले होते. आणि ‘लोकल’ची ओळ काढू नका, सिग्नल गेला तरी सर्व्हर वेळ देत राहील.